साड्या पांघरलेली मोहरी

बगळ्याने सकाळी दारातूनच बातमी दिली, आणि ऊर्मीने तोंडाला लावलेला दुधाचा पेला तसाच खाली ठेवला.

“चौथा वाण, घराजवळची ओळ. सगळी रोपं मेली. चौथा वाण, विहिरीजवळची ओळ. सगळी रोपं जिवंत. माहिती संपली,” असं एका सुरात म्हणून बगळ्या पुन्हा शेताकडे वळला.

बगळ्या म्हणजे खरा बगळा नव्हे. लांब काटकुळ्या पायांचा, मान खाली घालून ओळीओळीतून हिंडणारा तो एक यंत्रमानव होता. पाठीवरच्या सौर पट्ट्यांवर (उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्यांवर) त्याचं पोट भरायचं, त्यामुळे ऊन आलं की तो उठायचा आणि ऊन गेलं की असेल तिथे उभ्याउभ्या झोपायचा. दिवसभर पानं मोजायची, उंची मोजायची आणि विचारलं तेवढंच सांगायचं, एवढंच त्याचं काम. रोपं मेल्याचं दुःख बिचाऱ्याला कुठून असणार!

पण कुमुदआजीला होतं. ती एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात मोजा अशा अवतारात धावत सुटली. ऊर्मी तिच्या मागे.

गारमाळच्या पठारावर रात्री थंडीने कहर केला होता. गवताच्या पात्यांवर हिमाचा पांढरा थर होता, तो पायाखाली कुरकुर वाजत होता. घराजवळची ओळ काल संध्याकाळपर्यंत ऊर्मीच्या कमरेला लागत होती, हिरवीगार होती. आज ती शिजवलेल्या पालकासारखी काळपट होऊन मातीवर लोळत होती. आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळ, त्याच वाणाची दुसरी ओळ काही झालंच नाही अशा थाटात उभी होती. तिची पानं बारीक, जाडसर, कडेने जांभळी. उंचीने ती ऊर्मीच्या गुडघ्यालाही लागत नव्हती.

“एकच बी,” कुमुदआजी येरझाऱ्या घालत म्हणाली. “एकच माती. पेरणी एकाच दिवशी, आणि थंडीही एकाच रात्रीची. मग एक ओळ मेली आणि एक जगली, हे कसं? आणि मेली ती कुठली, तर जी धट्टीकट्टी दिसत होती ती! खुरटी ती जगली!”

ऊर्मीने पटकन नजर दुसरीकडे वळवली. कारण या कोड्याचा एक तुकडा तिच्याकडे होता आणि ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

कुमुदआजी म्हणजे ऊर्मीच्या आईची मावशी, डॉक्टर कुमुद निकम. डॉक्टर, पण माणसांची नव्हे, झाडांची, म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ. ऊर्मीच्या शाळेने यंदा सहावीच्या मुलांना हिवाळ्यात ‘शाळेबाहेरची शाळा’ दिली होती. कोणाकडे तरी जाऊन काहीतरी शिकून यायचं. निफाडला घरी द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, आईबाबांना श्वास घ्यायला सवड नाही, आणि ऊर्मी तर पायाला भिंगरी लावलेली मुलगी. तेव्हा तिची रवानगी गारमाळला झाली.

गारमाळ नावाप्रमाणेच गार, आणि वर कोरडाठाक. पावसाळ्यात चार सरी येतात न येतात, आणि हिवाळ्यात पाणी गोठतं. तिथे ना बाजरी नीट येते, ना गहू. म्हणूनच कुमुदआजीने हा माळ निवडला होता. तिला जैवइंधनाचं पीक (ज्याच्या बियांपासून किंवा काडीकचऱ्यापासून इंधन मिळतं असं पीक) तयार करायचं होतं. जिथे माणसांचं अन्न पिकतं तिथे इंधन पेरायचं नाही, हा तिचा हट्ट. तेव्हा अन्न पिकत नाही अशी जमीन शोधायची आणि तिथे टिकेल असं झाड घडवायचं. मोहरीच्या भाऊबंदांपैकी एका रानटी झुडपावर ती कित्येक वर्षं मेहनत घेत होती. त्याचं नाव तिने ठेवलं होतं माळमोहरी.

माळमोहरीचे पाच वाण शेतात होते. एकेका वाणाच्या दोन-दोन ओळी, एक घराकडे आणि एक लांब, म्हणजे एखाद्या ओळीला काही झालं तर तो जागेचा दोष की बियांचा हे कळावं. पाचांत कुमुदआजीचा जीव होता चौथ्यावर. का, ते त्या सकाळी लगेचच ऊर्मीच्या डोळ्यांसमोर आलं.

पठारावरची एकुलती एक गाडी फाटकापर्यंत आली, म्हणजे ढकलत आली. ती ढकलत होती झुंबरताई. वाड्यापाड्यांवरचं दूध घाटाखाली न्यायचं आणि आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचं, ही दोन्ही कामं तिची. गाडी पहिल्या वाणाच्या तेलावर चालायची.

“मॅडम, गाडी उठू नाई ऱ्हायली!” झुंबरताई धापा टाकत म्हणाली. “तेल पार थिजून गेलं. सकाळधरनं टाकीवर गरम पाण्याची फडकी घालू ऱ्हायले, पण ती बया हूं का चूं करंना. दूध तसंच पडलंय. दुधाचं जाऊ द्या, पण मागल्या थंडीत सोपानआबाच्या छातीत कळ आली तवा बी असंच झालतं. ऊन येईपर्यंत त्यो ओट्यावर तळमळत बसला. वाचला म्हणून बरं. तुमचं ते चार नंबरचं तेल कवा मिळायचं?”

बॅटरीवरची गाडीही पठाराला एकदा मिळाली होती. पण कडाक्याच्या थंडीत बॅटरी अर्धी होऊन बसे आणि दुधाच्या कॅनांसकट घाट चढताना मध्येच मान टाके. म्हणून लोकांची सगळी भिस्त चौथ्या वाणावर होती. त्याचं तेल थंडीत थिजत नव्हतं. गेल्या वर्षीच्या थोड्याशा बियांमधून काढलेलं तसं तेल एका डब्यात जपून ठेवलेलं होतं, पण गाडी चालवायची तर शेतंच्या शेतं पिकायला हवी होती.

कुमुदआजीने मेलेल्या ओळीकडे बोट दाखवलं. “नाही मिळायचं, झुंबर. हा वाण रद्द.”

“रद्द?” ऊर्मी आणि झुंबरताई एकदमच म्हणाल्या.

“एकाच बियाची एक ओळ जगते आणि एक मरते, असं बी मी लोकांच्या हातात कसं देऊ? ते बेभरवशाचं निघालं. अर्धी माणसं वर्षभर राबतील आणि एका रात्रीत हात चोळत बसतील.” तिचा आवाज कापरा झाला, पण तो तिने लगेच कडक केला. “आणि विहिरीजवळच्या ओळीला कळ्या आल्यात. फुलं उमलली की मधमाश्या त्यांचे परागकण (फुलातली पिवळी भुकटी, जिच्यामुळे बी धरतं) बाकीच्या वाणांवर नेऊन टाकतील, आणि हा दोष सगळ्यांत मिसळेल. ऊन वर आलं की बगळ्याला ती ओळ उपटायला लावते.”

एवढं बोलून ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. झुंबरताई टाकीवर नवी फडकी घालायला निघून गेली. ऊर्मी अंगणात एकटी उरली.

आता तिचा तुकडा. पहिल्याच दिवशी कुमुदआजीने तिला एकच नियम सांगितला होता : “रोपांना हात लावायचा नाही. लाड नाहीत आणि हेळसांड नाही.” ऊर्मीने मान डोलावली होती. पण संध्याकाळी पठारावरचं वारं सुटलं, खिडकीला सर्वांत जवळ असलेल्या चौथ्या वाणाच्या ओळीतली इवलीशी रोपं थरथरताना तिने पाहिली, आणि तिला राहवलं नाही. ती द्राक्षवाल्यांच्या घरातली पोर. थंडीची लाट आली की निफाडला काय करतात ते तिने पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं. पहाटे पंप चालू करून बागेला पाणी सोडायचं, ओळींमध्ये शेकोट्या पेटवायच्या, कडेच्या वेलींना जुन्या साड्या गुंडाळायच्या. झाडाला थंडी वाजली की पाणी आणि पांघरूण. यात चुकण्यासारखं काय आहे?

मग काय, कपाटाखाली कुमुदआजीच्या जुन्या सुती साड्यांचं गाठोडं सापडलं. रोज ऊन गेलं, बगळ्या झोपला, कुमुदआजी गुडघा शेकत आत बसली की ऊर्मी बाहेर पडायची. ओळीला बादलीने पाणी घालायची, काठ्यांवरून साड्या पांघरायची, आणि सकाळी बगळ्या उठायच्या आत सगळं गोळा करून ठेवायची. रोपं भराभर वाढली. “चौथा वाण बघ कसा तरारलाय!” असं कुमुदआजी म्हणाली की ऊर्मीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. थंडी वाढली तसे तिचे लाडही वाढले.

आणि काल संध्याकाळी नेमकी कुमुदआजी स्वतः तापमापक घेऊन शेतात ठाण मांडून बसली. मोठी थंडी येणार होती, तिला आकडे हवे होते. ऊर्मीला साड्या घालताच आल्या नाहीत. ती खिडकीशी तळमळत राहिली आणि तशीच झोपून गेली.

‘साड्या घातल्या असत्या तर वाचली असती,’ सकाळी तिच्या मनात पहिला विचार हाच आला होता. पण मग विहिरीजवळच्या ओळीला कोण साड्या घालत होतं? तिला तर कोणी घोटभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं. ती कशी वाचली?

‘सांगू का आजीला? पण सांगून काय होणार? मी त्यांचं भलंच केलं. भलं करूनही मेली म्हणजे बीच कच्चं असणार. उगाच ओरडा खायचा.’ असं ती स्वतःला समजावत होती, पण पाय काही एका जागी ठरत नव्हते. ती विहिरीपर्यंत जाऊन आली. परत येऊन घासलेला पेला पुन्हा घासला. मग केस विंचरायला बसली, तर खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली. तिने ती उलटी करून हापटली, थेंब पडेना. वैतागून ती स्वयंपाकघरात गेली आणि शेंगदाण्याच्या तेलाची बरणी घेऊन आली. ते मात्र छान पातळ होतं. दोन्ही रात्रभर एकाच घरात, एकाच थंडीत होती.

“तेलात तेल, आणि एक थिजतं, एक थिजत नाही,” ती पुटपुटली.

खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर चिमण्यांसाठी ठेवलेलं पाणी होतं. त्याचा बर्फ झाला होता. शेजारीच झुंबरताईने दिलेली काकवीची बाटली उघड्यावर राहून गेली होती. ऊर्मीने ती हलवली. काकवी घट्ट झाली होती, पण आत हळूहळू सरकत होती. गोठली नव्हती.

ऊर्मी तशीच बगळ्याकडे धावली. तो मेलेल्या ओळीवर मान वाकवून उभा होता.

“बगळ्या, दोन्ही ओळींत काय फरक होता?”

“प्रश्न अपुरा आहे. उंचीत, रंगात, पानांच्या जाडीत की रसाच्या गोडीत?”

“गोडीत! तू गोडीपण मोजतोस?”

“रोज मोजतो. पानाच्या रसात साखर किती, ते. विहिरीजवळची ओळ महिनाभर गोड होत गेली. घराजवळची ओळ पाणचट राहिली. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.”

ऊर्मीने विहिरीजवळच्या ओळीतलं एक पान तोडून तोंडात टाकलं. आधी मोहरीचा झणका लागला आणि मागून गोडसर चव आली. तिने दुसरं चावलं. तेही गोड. आणि एकाएकी सगळं तिच्या ध्यानात आलं. म्हणजे सगळं नाही, पण मुख्य ते आलं. साखर असलेलं गोठत नाही. ही रोपं थंडीत राहून गोड झाली. माझी रोपं रोज पांघरुणात होती, त्यांना थंडी कळलीच नाही, म्हणून ती गोड झालीच नाहीत. बी कच्चं नाही. मी त्यांना कच्चं ठेवलं.

तेवढ्यात ऊन वर आलं आणि कुमुदआजीचा आवाज आला, “बगळ्या! विहिरीजवळची ओळ उपट.”

“ठीक आहे,” म्हणून बगळ्या लांब ढांगा टाकत निघाला. ऊर्मी त्याच्यापुढे पळाली. तो पहिल्या रोपाशी वाकला, चिमट्यासारखा हात पुढे केला, आणि ऊर्मी धप्पकन त्या रोपापुढे मातीत बसली.

“मार्गात मुलगी आहे,” बगळ्या म्हणाला.

“ऊर्मी! बाजूला हो!” कुमुदआजी ओरडली.

“नाही होणार! आजी, बी बेभरवशाचं नाहीये. मीच... मी रोज त्यांना पाणी घालत होते. आणि तुझ्या साड्या पांघरत होते. रोज रात्री. फक्त काल घालता आल्या नाहीत.”

कुमुदआजी तरातरा जवळ आली. मग जे बोलली ते चांगलंच लागलं. “एकच नियम सांगितला होता मी तुला. एकच! तुझ्यामुळे मी आज एवढ्या वर्षांचं काम माझ्या हाताने उपटून फेकणार होते. कळतंय का तुला?”

ऊर्मीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. रडता रडताच तिने सगळं सांगितलं. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल, काकवी, चिमण्यांचं पाणी, पानाची चव. सांगताना मध्येच नाक ओढलं, मध्येच हुंदका आला, पण काही वगळलं नाही.

कुमुदआजीचा चेहरा हळूहळू बदलला. तिने वाकून एक पान तोडलं आणि चावलं. मग गुडघा धरून तीही ऊर्मीशेजारी मातीत बसली.

“बगळ्या, थांब,” ती म्हणाली. “आणि तू डोळे पूस. अर्धं तू ओळखलंस. उरलेलं अर्धं ऐक. थंडी झाडाला कशी मारते, सांग बरं.”

“गोठवून.”

“सगळ्यांना असंच वाटतं. झाडाचं शरीर म्हणजे लाखो पेशी (सजीवाच्या शरीराच्या अगदी बारीक खोल्या). प्रत्येक पेशीत पाणी असतं आणि दोन पेशींच्या मधल्या फटींतही थोडं पाणी असतं. कडाका पडला की आधी फटीतलं पाणी गोठतं. आणि बर्फाची खोड अशी, की तो आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतो. पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, पेशी सुकत जाते, शेवटी तिची भिंत चुरगळते. म्हणजे थंडी झाडाला बहुतेक वेळा वाळवूनच मारते.”

“वाळवून? म्हणजे दुष्काळासारखं?”

“अगदी तसंच! दुष्काळ झाडाचं पाणी जमिनीतून तोडतो आणि थंडी ते पेशीतून ओढून काढते. झाडाच्या दृष्टीने दोघांचा त्रास एकच. म्हणून जे झाड तहान सोसायला शिकतं, त्याची थंडी सोसायची अर्धी तयारी आपोआप होते. मी हा कोरडा माळ उगाच नाही निवडला.”

ऊर्मी रडायचं विसरली. “पण झाड शिकतं कसं? त्याला तर मेंदू नाही.”

“मेंदू नाही, पण कान तयार असतात म्हण. दिवस लहान झाले, रात्री गार व्हायला लागल्या, माती सुकली, की झाडाला इशारा मिळतो. ते वाढणं थांबवतं, पेशी लहान ठेवतं आणि रसात साखर साठवतं. साखरेचं पाणी उशिरा गोठतं आणि पेशीतलं पाणी धरूनही ठेवतं. ती झाली तुझी काकवी. आता तुझं खोबरेल. पेशीला बाहेरून स्निग्ध पदार्थाचा एक पातळ पापुद्रा असतो. तो खोबरेलासारखा थिजला की कडक होतो, मग फाटतो. गार रात्रींची सवय झालेलं झाड हा पापुद्रा बदलून घेतं. थिजणाऱ्या स्निग्धाऐवजी न थिजणारं घालतं, शेंगदाण्याच्या तेलासारखं. या सगळ्या तयारीला आम्ही हार्डनिंग म्हणतो (रोपाला थोडा थोडा त्रास सोसू देऊन कणखर करणं). ही तयारी एका रात्रीत होत नाही, काही आठवडे लागतात.”

“आणि त्या आठवड्यांत माझी रोपं साड्यांखाली झोपली होती.”

“झोपली होती, प्यायली होती आणि पाणचट, मोठ्या पेशी करून उंच वाढली होती. त्यांना वाटलं हिवाळा नाहीच. मग एका रात्री पांघरूण नाही आणि बाहेर बर्फ.”

“पण मग बाबा द्राक्षांना शेकोटी करतात ते चुकीचं?”

“मुळीच नाही. तुझ्या बाबांचा वेल घडांनी भरलेला असतो, त्या वेळी घडाचं मन राखावं लागतं. ते ऐन थंडीच्या रात्री ऊब देतात. तू उलटं केलंस. तयारीच्या रात्री ऊब दिलीस आणि ऐन रात्री काढून घेतलीस.”

ऊर्मी मान खाली घालून माती चिवडू लागली. तेव्हा कुमुदआजीने तिच्या पाठीवर थाप मारली. “चूक माझीही आहे, ग. एकाच वाणाची एक ओळ उंच आणि एक बुटकी दिसत होती. मी उंच ओळ बघून खूश झाले. ‘का?’ असं विचारलंच नाही. बगळ्याकडे उत्तर तयार होतं.”

“विचारलं नव्हतं,” बगळ्याने दुजोरा दिला.

“मग आता ओळ वाचली ना?” ऊर्मीने विचारलं.

“अजून नाही. तू सांगितलंस ते पटलं, पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. उद्या कोणी विचारलं, तर ‘पोरगी म्हणाली’ असं सांगू का? करून बघायचं. कळ्यांवर बारीक जाळी बांधू, म्हणजे माश्या येणार नाहीत. आणि मागे कोवळ्या रोपांचा वाफा आहे, चौथ्याच वाणाचा. तो मध्ये दोरी धरून दोन भागांत वाटू. एका भागाला पाणी आणि साड्या. दुसऱ्याला काही नाही. पुढची मोठी थंडी येईल तेव्हा दोन्ही उघडे.”

“म्हणजे एका भागाचे लाड करायचे, आणि तो मरणार हे माहीत असताना?”

“हो. आणि ते तू करायचंस.”

सुरुवातीला ऊर्मीला ते सोपं वाटलं. पण जसजसे दिवस गेले तसतसे तिचे हात जड होऊ लागले. दोरीच्या अलीकडची रोपं पुन्हा तरारली, मऊ, हिरवी, वाऱ्यावर डुलणारी. पलीकडची जांभळट पडून जमिनीला चिकटली. ती रोज दोन्हीकडची पानं चाखायची आणि बगळ्याला गोडी विचारायची. साड्या पांघरताना कधी कधी ती रोपांना हळूच म्हणायची, “माफ करा हं.” एकदा तर तिने अर्धी बादली तशीच परत नेली, थोडं कमी पाणी दिलं तर वाचतील, असं तिच्या मनात आलं. दारापर्यंत गेली, तिथे घुटमळली आणि परत येऊन पूर्ण बादली ओतली. तेवढं खोटं केलं असतं, तर काहीच कळलं नसतं.

जानेवारी सरत आला तेव्हा एका दुपारी हवामान केंद्राचा इशारा आला. संध्याकाळी ऊर्मी स्वतःच्या हातांनी एकेक साडी काढू लागली. शेवटची काढताना ती थांबली.

“आजी, यांचा काय गुन्हा आहे?”

“काही नाही,” कुमुदआजी म्हणाली. तिने समजूत घातली नाही की लेक्चर दिलं नाही. साडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून घडी केली.

सकाळी सगळं पठार पांढरं झालं होतं. दोरीच्या अलीकडे काळा चिखल. पलीकडे एकूण एक रोप ताठ, आणि प्रत्येक जांभळ्या पानाच्या कडेला हिमाची झालर. दोरी जिथे होती तिथे जिवंत आणि मेलेल्याची सरळ रेघ पडली होती. ऊर्मी त्या रेघेवर उभी राहून एका डोळ्याने रडली आणि एका डोळ्याने हसली. बगळ्या ऊन आल्यावर उठला, तिथवर आला आणि म्हणाला, “फरक स्पष्ट आहे. यावेळी प्रश्न आधी विचारला होता.”

“चौथा वाण पास!” कुमुदआजी मोठ्याने ओरडली. ऊर्मी आणि बगळ्याखेरीज ऐकायला कोणी नाही असं तिला वाटलं, पण गाडी ढकलत आलेली झुंबरताई फाटकाशी होतीच. कुमुदआजीने जपून ठेवलेला तेलाचा डबा आणला, धार धरून बघितली. तेवढ्या थंडीतही तेल सरळ वाहत होतं. थंडीच्या इशाऱ्यामुळे झुंबरताईने टाकी रात्रीच रिकामी करून ठेवली होती; तिने त्यात ते तेल घातलं आणि चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली.

“उठली की वं बया!” झुंबरताईने स्टिअरिंगला हात जोडले. “एवढ्या थंडीत गरम पाण्याबिगर उठली! पुढल्या साली आमच्या बांधाला लावते मी, मॅडम. सोपानआबाला म्हणावं, आता कळ आली तरी भिऊ नको.” मग तिने जीभ चावली. “म्हंजी न येवो.”

दुधाची गाडी घाटाकडे दिसेनाशी झाली. कुमुदआजी भराभर बोलत राहिली, बोलता बोलता चालत राहिली. पुढच्या हिवाळ्यात बी पठारभर पेरायचं. मग उत्तरेकडे, जिथे याहून उंच आणि याहून गार माळ आहेत, तिथे थोडं पाठवायचं. आणि लोकांना बियांबरोबर सांगायचं की पेरल्यावर लाड करू नका, तहान आणि थंडी थोडी थोडी सोसू द्या. हे सांगायचं काम ऊर्मीचं.

बराच वेळ ऊर्मीचं उत्तर आलं नाही, म्हणून कुमुदआजीने मागे वळून पाहिलं. ऊर्मी स्वेटर काढून, हात पसरून, हिमाच्या गवतात अनवाणी उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

“हे काय चाललंय?”

“हा-हार्डनिंग!” ऊर्मी कशीबशी म्हणाली. “मीपण क-कणखर होणार.”

कुमुदआजी कट्ट्यापाशी गेली, काल घडी करून ठेवलेल्या साड्यांमधली वरची उचलली आणि ऊर्मीला मानेपासून घोट्यापर्यंत गुंडाळून टाकलं, वर गाठ मारली.

“झाडाला पळता येत नाही, म्हणून ते शिकतं,” ती म्हणाली. “तू झाड नाहीस. चल, चहा पिऊ.”